लाल विझला की एक हॉर्न

भिलाईत जेवढी माणसं भीत असतील, त्या सगळ्यांच्या वाटणीचं भय आमच्या व्याह्यांनी एकट्याने आपल्या अंगावर घेतलं होतं, असं माझं ठाम मत आहे. वाघ, भूत, साहेब, कर्ज असल्या ठोक भयांचं त्यांना काही नव्हतं. त्यांचं सगळं किरकोळीत चाले. गॅसची नळी, पंख्याचा हूक, लिफ्टचं दार, लग्नाच्या मांडवातली उघडी वायर, भज्यातली मिरची. सकाळी उठून चपलेत पाय घालण्याआधी ते चपला झटकत, आणि कुणाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला गेले तरी झटकत. "विंचवाले जिना चढता येते, इवाई," असं मला त्यांनी समजावून सांगितलं होतं. आमच्या विदर्भाकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि भिलाईत येऊन दोन पिढ्या झाल्या तरी आम्ही हा शब्द सोडलेला नाही.

त्यांची पहिली भेटच सांगतो. माझ्या मुलीला, प्रीतीला, पाहायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाचे वडील हात धुतो म्हणून आत गेले ते येईचनात. प्रीती कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली, तर तिचे होणारे सासरे ओट्याखाली वाकून आमच्या सिलिंडरच्या तोंडाला साबणाचा फेस लावत बसलेले. गॅस गळत असला तर फेसाला बुडबुडे येतात म्हणे. मुलीने किंकाळी फोडली नाही, ती त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि दोघं मिळून बुडबुड्याची वाट पाहू लागली. मग ते हात पुसत बाहेर आले आणि बैठकीत जाहीर केलं, "लीकेज नाई. संबंध कराले हरकत नाई." माझी बायको आजही म्हणते की लग्न तिथे ओट्याखालीच जमलं.

नोकरी त्यांची भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये, इन्स्ट्रुमेंटेशनला. म्हणजे आयुष्यभर काटे पाहणं. तापमानाचा काटा, दाबाचा काटा, गॅसचा काटा. काटा हलला की हे हलायचे, आणि काटा हलला नाही तर तो अडकला असेल म्हणून जास्तच हलायचे. रिटायर झाले तेव्हा सोबतच्यांनी कौतुक केलं, की यांच्या ड्युटीत कधी काही झालं नाही. हे घरी येऊन खिन्नपणे म्हणाले, "तेच तर ना. एखांद्यावेळी काही झालं असतं तर भेव एकदाचा निघून गेला असता. आता हा सगळा घेऊन मी घरी कुठं ठिवू?"

घरी त्यांनी तो नीट मांडून ठेवला. फ्रिजवर व्होल्टेजचा काटा, देवघराशेजारी तापमानाचा काटा, आणि खिशात भर दुपारी टॉर्च. दुचाकीवर ते जन्मात बसले नव्हते, माझ्या स्कूटरकडे तर ते लांडग्याकडे पाहावं तसं पाहत. जुनी पांढरी गाडी मात्र त्यांना फार प्रिय होती, कारण तिच्यात काटे होते. सिविक सेंटरला भाजी आणायला निघाले की गाडी बैलगाडीच्या चालीने चाले आणि यांची नजर सगळा वेळ मीटरवर. मी एकदा जीव मुठीत धरून म्हटलं, "अहो, जरा रस्त्याकडे पाहा की." तर म्हणाले, "रस्ता पाहाले सारी दुनिया आहे, इवाई. काटा पाहाले मी एकटाच आहो." मी मनातल्या मनात मारुतिस्तोत्र सुरू केलं.

असं असताना प्रीतीला भिलाईबाहेर, अहिवाऱ्याच्या एका शाळेत नोकरी लागली. बस सोयीची नव्हती, जावईबापूंच्या शिफ्टा बदलत्या, तेव्हा पोरीने ठरवलं की बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, गाडी घेऊन आपणच जायचं आणि आपणच यायचं. गाडी ती उत्तम चालवायची. पण तो रस्ता चुनखडीच्या ट्रकांचा, आणि दिवस थंडीचे, म्हणजे शाळा सुटून निघेपर्यंत अंधार पडायला लागणार. विहीणबाईंनी आधीच नन्नाचा पाढा लावला होता. सगळं येऊन थांबलं सासऱ्यांवर. सिलिंडरला भिणारा माणूस सुनेला ट्रकांच्या रांगेत धाडणार कसा? प्रीती मला फोनवर म्हणाली, "बाबा नाही म्हणाले ना, तर मी पुन्हा विचारणार नाही. पण माझं मन मरून जाईल." खरं सांगायचं तर मला दोन्हीकडून भय: जाऊ दिलं नाही तर तिचं मन, आणि जाऊ दिलं तर ट्रक.

व्याह्यांनी दोन दिवस गाडीभोवती फेऱ्या मारल्या. मग पावर हाउस भागातल्या बाजारात गेले आणि एलईडी घेऊन आले. मला फोन केला, "इवाई, या. पाना धराले हात पाहिजे." झालं होतं असं, की गाडीच्या मीटरमागचे बल्ब म्हातारे झाले होते. संध्याकाळी काटे पिवळट, आजारी दिसत, आणि पेट्रोलचा काटा तर चाचपूनच पाहावा लागे. सुनेला काटे दिसत नाहीत, हे भय त्यांना ट्रकांपेक्षाही मोठं वाटलं. मी गेलो तेव्हा पोर्चमध्ये चादर अंथरून तिच्यावर स्क्रू, पेचकस आणि नवे दिवे मांडून बसले होते. दुकानदाराने विचारलं होतं म्हणे, "अंकल, डिस्को वाला दूँ? रंग बदलता है." यांनी उत्तर दिलं होतं, "भैया, जान बचाने वाला दो."

स्टिअरिंगमागचं झाकण काढलं, मीटरचा डबा पुढे ओढला. मागे काळ्या टोप्यांमध्ये इवले इवले बल्ब होते, पाव फिरकी दिली की हातात येत. व्याही एकेक बल्ब काढून कापसावर ठेवत, नवा दिवा लावत, मी किल्ली फिरवायची. एलईडीला उलटसुलट कळतं. नाही पेटला तर काढून फिरवून लावायचा. असं करता करता त्यांचा हात रंगात आला. काट्यांमागचे झाले, तसे त्यांनी इशाऱ्याचे दिवेही बदलले. ऑईलचा, ब्रेकचा, बॅटरीचा. "आता भेव कायले ठिवायचा? सारेच नवे," असं म्हणून त्यांनी एकही जुना बल्ब आत राहू दिला नाही. संध्याकाळी दिवे लावून पाहिलं आणि मी डोळ्यांवर हात धरला. ऑपरेशन थिएटरात असतो तसला पांढराफेक उजेड, नाकाचा शेंडा दिसावा असा. व्याह्यांचा चेहरा त्या उजेडात इतका समाधानी दिसत होता की मी टीका गिळली. प्रीतीला त्यांनी एवढंच सांगितलं, "दिवसाही लाईट सुरूच ठिवजो, बेटा. काटे दिसले पाहिजे." नाही म्हणालेच नाहीत. पोरगी मला दाराआड घेऊन रडली.

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशीची संध्याकाळ. मी चहाला म्हणून गेलो होतो, खरं तर पोरगी कशी परतते ते पाहायला. व्याही फाटकापाशी उभे होते. अंधारून आलं, सेक्टरातले दिवे लागले, आणि फोन वाजला. प्रीतीचा आवाज स्पीकरवर मीही ऐकला: "बाबा, मीटरचे लाईट बारीक बारीक होऊन राहिले. सामनेचे पण. गाडी झटके देऊन रा..." आणि फोन कटला. परत लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

मी खूप माणसं घाबरलेली पाहिली आहेत, पण त्या क्षणी व्याही घाबरले नाहीत. ते फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "बॅटरीचा बल्ब. म्या तोही बदलला." मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. या जुन्या गाडीत इंजिनाजवळचं जे यंत्र बॅटरी भरत राहतं, त्याला जागं करणारी वीज त्या इवल्याशा बल्बातून जाते. बल्ब ती जाऊ देतो, एलईडी जवळजवळ जाऊच देत नाही. म्हणजे यंत्र झोपलेलंच. दोन दिवस पोरगी नुसत्या बॅटरीवर, तेही भर दिवसा दिवे लावून गाडी चालवत होती. "बॅटरीचा लाल लाईट लागलेलाच असंन, इवाई. बारीक, पन लागलेला असंन. एवढ्या उजेडात माह्या पोरीले तो कुठून दिसंन?" आणि मग ते उठले आणि माझ्या स्कूटरकडे चालू लागले.

मला वाटलं स्कूटर ओलांडून रिक्षा पाहायला जातील. ते मागच्या सीटवर चढले. चढले म्हणजे आधी एक पाय टाकला, तो काढला, दुसरा टाकला, आणि माझा शर्ट असा धरला की वरची बटणं तुटली. शहराबाहेर पडलो तसा समोरून ट्रकांचा झोत. धुळीत मला रस्त्याची कड दिसेना. मी शूर माणूस, रेल्वेच्या बुकिंग खिडकीत दिवाळीची गर्दी काढलेला, पण मारुतिस्तोत्राची पहिली ओळही मला आठवेना. कुठे गाडी आडवी दिसेल, कुठे माणसं जमलेली दिसतील, या विचाराने मी वेग कमी कमी करत गेलो. पुढे जायलाच नको असं वाटायला लागलं होतं. तेव्हा मागून कानाशी आवाज आला, "इवाई, जरा जोरानं घ्या." सबंध आयुष्यात हे वाक्य त्यांनी एकदाच उच्चारलं असेल. मी घेतली जोरात.

गाडी दिसली ती रस्त्याच्या कडेला, नीट उतरवून लावलेली. मागे दगड आणि झाडाच्या फांद्या टाकलेल्या, ट्रकवाले टाकतात तशा. शेजारच्या टपरीत प्रीती एका म्हातारीपाशी बसून भजी खात होती. म्हातारीला मराठी येत नव्हतं, हिला छत्तीसगढी जेमतेम, पण गप्पा रंगल्या होत्या. फोन ती गाडीतच चार्ज करायची, तेव्हा गाडी गेली तसा फोनही गेला होता. व्याह्यांनी खिशातून टॉर्च काढून त्याचा झोत तिच्या तोंडावर मारला, मग हातांवर, मग पायांवर.

"लागलं नाई ना कुठं?"

"नाही बाबा. गाडी बंद पडली, एवढंच तर झालं."

"माह्या हातानं झालं, बेटा. माह्या हातानं."

ती काही बोलणार तेवढ्यात तिची नजर मागे गेली. "बाबा, तुम्ही स्कूटरवर आले?"

व्याह्यांनी वळून स्कूटरकडे पाहिलं, मग ट्रकांकडे, मग पुन्हा स्कूटरकडे. आणि ते तिथेच धुळीत मटकन बसले. म्हातारीने त्यांना खाटेवर बसवलं आणि दुप्पट साखरेचा चहा पाजला. "का होगे बबा ला?" बाबाला झालं काय, असं ती विचारत राहिली. प्रीती त्यांचा हात धरून बसली होती आणि मी तोंड फिरवून उगाच स्कूटरचा आरसा पुसत होतो.

घरी आल्यावर विहीणबाईंनी निकाल दिला, "बास झाली ते नौकरी. जीव जात होता पोरीचा." सगळ्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. प्रीतीने नाही पाहिलं, ती खाली फरशीकडे पाहत होती. व्याही म्हणाले, "पहिले गाडी सुधरू द्या."

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली आणि पुन्हा चादर अंथरली गेली. कापसावरचे जुने बल्ब त्यांनी टाकले नव्हतेच, ते असलं काही टाकतच नसत. बॅटरीच्या जागी जुना पिवळा बल्ब परत गेला, ऑईल-ब्रेकचेही परत गेले. काट्यांमागचे एलईडी राहिले, पण त्यांच्यावर पातळ कागद चिकटवून उजेड मवाळ केला. मग सुनेला बोलावलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"मले भेव वाटते. तू घरी बसली तरी वाटनच. तो माहा आहे, मी सांभाळतो. तू जा," ते म्हणाले. "फक्त एक कर. किल्ली फिरवली का लाल लागते. गाडी सुरू झाली अन् बॅटरी भराले लागली का विझते. तो विझला का मले एक हॉर्न दे, मंग हल."

तेव्हापासून रोज सकाळी फाटकाशी व्याही उभे, आत गाडीत प्रीती. लाल लागायचा, विझायचा, एक छोटा हॉर्न व्हायचा. व्याही मान हलवून आत जायचे आणि पुढल्या भयाला लागायचे. संध्याकाळी पुन्हा फाटकाशी. एका रविवारी मी मुद्दाम विचारलं, "काय इवाई, स्कूटरवर येता का?" तर म्हणाले, "ते एका टायमापुरतंच होतं."

मागच्या थंडीत व्याही गेले. दुपारचे उन्हात खुर्चीवर बसले होते, डोळा लागला तो लागलाच. एवढ्या गोष्टींना भ्यायले, पण दुपारच्या झोपेचं भय त्यांनी कधी धरलं नव्हतं. घरी माणसं जमली, तेव्हा फ्रिजवरचा काटा आपला मधोमध, जिथे असायला हवा तिथेच होता. मला त्याचा फार राग आला.

प्रीती अजून त्याच गाडीने अहिवाऱ्याला जाते. नवी घ्या म्हटलं तर घेत नाही. आणि मी अलीकडे सकाळचं दूध त्यांच्या सेक्टरातल्या डेअरीवरून आणतो. बायको परवा म्हणाली, "दूध तर आपल्या कोपऱ्यावर पण भेटते." मी म्हटलं, तिथलं पातळ असतं. तिने पिशवी हातात दिली. मी चालत जातो, व्याह्यांच्या फाटकाशी उभा राहतो. प्रीती किल्ली फिरवते, मान खाली घालून थांबते, तेवढा वेळ मी फाटकाची कडी सोडत नाही. मग एक छोटा हॉर्न होतो. मी मान हलवतो आणि दूध घेऊन घरी येतो.