कोरडा अंबाडा

त्या दिवशी शेठनं मायला अंबाडा सोडायला लावला. मी दारात होते. पाठीवर दप्तर होतं. एक हिरा सापडत नव्हता.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर, दागिने घडवायचा तो कारखाना. माय तिथं झाडायची. पिशोर गाव सोडून आम्ही शहरात आलो ते त्याच कामावर. अशा कारखान्यात केर फेकत नाहीत. घासताना सोन्याची धूळ उडते, केरात पडते. केर साठवतात, जाळतात, धुतात, सोनं परत काढतात. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात राहतं. म्हणून मायसाठी नियम होता. डोक्याला तेल लावून यायचं नाही. तेलाला धूळ चिकटते. निघताना पदर झटकायचा, केस झटकायचे, मग जिना उतरायचा. मायचे केस मुळातच कोरडे, तांबूस आहेत, असं मला वाटायचं.

आदल्या दिवशी जयंती होती. निळे झेंडे, मिरवणूक. माय पांढरी साडी नेसली, डोक्याला तेल लावलं. सकाळी तिनं साबणानं डोकं धुतलं, पण चमक राहिली. शेठनं ती चमक पाहिली.

"तेल लावून आलीस? हिरा चिकटवून न्यायला?"

"नाय शेठ. काल जयंती व्हती."

"तुमच्या लोकांचं काय सांगता येतंय. सोड केस."

त्यानं फरशीवर वर्तमानपत्र पसरलं. मग माझ्याकडं बघितलं. "ए पोरी, तू विंचर. परक्या बाईला आम्ही हात लावत नाय." हे बोलताना त्याच्या आवाजात सभ्यपणा होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मायनं पिशवीतली लाकडी फणी माझ्या हातात दिली आणि कागदावर वाकून बसली. मी विंचरलं. कारागीर काम थांबवून बघत होते. दुसरीकडं कुठं बघावं कळेना, म्हणून मी खालच्या बातम्या वाचत होते. उलट्या. मायची मान जरासुद्धा हलत नव्हती.

खडे उचलायला कारागीर मेण लावलेली काडी वापरतात. हिरा त्यातल्याच एका काडीला चिकटलेला निघाला.

"मिळाला, मिळाला," शेठ हसला. "चहा सांगा रे."

कागदावर मायचे गळालेले केस होते. मी ते उचलायला गेले. "राहू दे. धूळ असंल त्यात," शेठ म्हणाला. कागदाची घडी केराच्या डब्यात गेली. मायचे केससुद्धा त्यांनी ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी माय कामावर गेली. मला शिकायचं होतं, म्हणून गेली.

मी शिकले. ग्रंथालयात नोकरी करते. हिऱ्यांविषयी सापडेल ते वाचत गेले. खाणीतल्या माणसांच्या झडत्या. पैलू पाडणाऱ्यांच्या छातीत साठणारी धूळ. खड्यांच्या जोरावर चाललेल्या लढाया. सगळं दूरच्या देशांतलं. पण पुस्तक मिटलं की समोर तोच जिना यायचा.

या वर्षी माय गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. एकदा मी तिच्या डोक्याला तेल लावायला बसले, तर तिनं माझा हात धरला. "नगं बाई. उद्या कामाला जायचंय."

मी वाटी बाजूला ठेवली.

त्यानंतर भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. भाऊ कंपनीत सुपरवायझर आहे. तो मला आणि मुलीला औरंगपुऱ्याच्या बाजारात घेऊन गेला. त्याच शेठचं दुकान आता तिथं आहे. काचेचं, थंडगार. शेठ नाही, त्याचा मुलगा बसतो.

"ताई, याच्याच दुकानात खुर्चीवर बसून चहा पिणार मी," भाऊ दाराशीच म्हणाला. "आणि हिऱ्याचा सेट घेणार. मायचं उट्टं काढणार." त्याचे डोळे भरले होते. त्याचं चूक आहे असं मला म्हणवेना.

सेट मखमलीवर आला. भाचीनं तो गळ्याला लावून पाहिला. सुंदर दिसत होती. खोटं कशाला सांगू?

मी शेठच्या मुलाला विचारलं, "तुमच्या कारखान्यात झाडायला बाई आहे?"

"आहे की मॅडम. का हो?"

"तिला डोक्याला तेल लावून येऊ देता?"

तो हसला. "छे हो! आता तर कॅमेरा लावलाय. निघताना केस सोडायचे, कॅमेऱ्यासमोर झटकायचे, मग घरी. एक कण बाहेर जात नाय आमच्याकडं. बिनधास्त घ्या."

मी उठले. "चल," भावाला म्हटलं.

तो उठला नाही. हळूच म्हणाला, "ताई, इथं तमाशा नको. आणि लग्नात तर हे काढूच नको. मुलाकडच्यांना सांगितलंय, माय ज्वेलरीच्या लाईनमध्ये होती म्हणून."

मी उभीच राहिले. त्या शेठनं मायचे गळालेले केस ठेवून घेतले होते. आता हा सेट नेण्यासाठी आम्ही स्वतःच्या हातानं अख्खी माय त्या डब्यात टाकणार होतो. उट्टं कुणाचं निघणार होतं?

"ती झाडायची," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "यांच्या वडिलांच्या कारखान्यात झाडायची. हिरा शोधायला मी तिचे केस विंचरलेत. यांच्या वडिलांसमोर, कागदावर."

शेठच्या मुलाचा चेहरा उतरला. भाचीचा हात गळ्यापाशी तसाच थांबला. मी बाहेर पडले.

भावानं सेट घेतला.

लग्नाला मी जाणार आहे, बोलावणं येवो न येवो. पांढरी साडी नेसून, केसांना तेल लावून. मुलाच्या आईनं विचारलं तर मायचं काम सांगेन. जिन्यासकट, कागदासकट. भाचीनं विचारलं तर तिलाही. ज्या दागिन्यापायी कुणाला तरी रोज केस सोडावे लागतात, तो मी घेणार नाही, घालणार नाही. कुणाच्या गळ्यात बघून छान आहे, असंही म्हणणार नाही.

माय नाही. भाऊ बोलत नाही. फणी माझ्याकडं आहे, तिच्यात मायचा केस अडकलेला आहे.