सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

प्रिय ईशान आणि जुई,

गेल्या गुरुवारी तुमची मुक्ताताई अठरा वर्षांची झाली आणि रविवारी एकटी कोइंबतूरला गेली. शर्यतीच्या फॉर्मवर ‘पालकाची सही’ अशी एक ओळ असते. गेलं वर्षभर तिथे माझी सही होती. आता ती ओळ तिला लागत नाही, तेव्हा माझं काम संपलं. त्या मोसमाबद्दल तुम्हाला लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते, कारण त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते आहे. बाबा वाचून दाखवतील, पण जमलं तर स्वतः वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

आम्ही दोघी निघालो ती सकाळ मला स्वच्छ आठवते. बदलापूरला, आपल्या बेलवलीच्या घरासमोर नंदूकाकाची गाडी उभी होती. मागच्या सीटवर मुक्ताची हेल्मेटची पिशवी, माझी सुटकेस आणि माझा कुकर.

“आई, तिकडे कुकर मिळतात गं,” नंदू म्हणाला.

“मिळत असतील. याचं झाकण मला ओळखतं.”

लग्न करून अंबरनाथहून बेलवलीला आले, तेव्हापासून मी घर बदललं नव्हतं. तेव्हा आमच्या मागच्या दारापासून थेट नदीपर्यंत भातखाचरं होती. आता गच्चीवरून शिरगावचे टॉवर मोजता येतात. भोवतालचं सगळं हललं, मी तेवढी जागच्या जागी. आणि एकोणसत्तराव्या वर्षी मी चालले होते अशा गावाला, जिथल्या बसची पाटीसुद्धा मला वाचता येणार नव्हती. कारण साधं होतं. मुक्ता सतरा वर्षांची, तिला एका माणसाला बसायची जागा असलेली शर्यतीची गाडी चालवायला निवडलं होतं, संघाचं वर्कशॉप कोइंबतूरला, आणि अठरा वर्षांखालच्या मुलीबरोबर पालक हवा. तिच्या बाबांना, म्हणजे नंदूला, अंबरनाथचं लेथचं वर्कशॉप सोडता येईना, कल्पनाकाकूला शाळा. उरले मी.

गाडीत बसण्याआधी आम्ही दोघींनी दाराजवळच्या बोर्डावर आपापले बिल्ले लटकवले. माझा बेचाळीस, तिचा सत्तेचाळीस.

तो बोर्ड तुम्हाला आठवत असेल, पण त्यामागची गोष्ट सांगते. माझे वडील कारखान्यात अधिकारी होते, म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं. आणि इंग्रजी येत होतं म्हणून मला अंबरनाथच्या एका कारखान्यात टूल स्टोअर सांभाळायला मिळालं. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबरचे पितळी बिल्ले असत. हत्यार न्यायचं तर त्या हत्याराच्या खिळ्यावर बिल्ला लटकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. भोंगा झाला आणि एक जरी बिल्ला लटकलेला असला, तर पुढच्या पाळीचं मशीन सुरू होत नसे. कारण लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम धरणाऱ्या फिरत्या जबड्यात, चावी विसरून कोणी बटण दाबलं, तर ती चावी गोळीसारखी सुटते. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका माणसाचा डोळा गेला. त्यानंतर बिल्ले मोजल्याशिवाय मी कधी दार लावलं नाही.

आणखी एक नियम होता, तोही लक्षात ठेवा, कारण पुढे तोच मला नडला. जमिनीवर पडलेलं हत्यार उचलून परस्पर जागेवर ठेवायचं नाही. ते ‘सापडलेलं’ म्हणून वेगळ्या डब्यात टाकायचं. ज्याने पाडलं त्याने येऊन मागायचं, म्हणजे पुन्हा पाडत नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा मी नऊ बिल्ले मागून घेतले. एक्केचाळीस तुमच्या आजोबांचा, तिथून पुढे क्रमाने, जुईचा एकोणपन्नास. बाहेर जाणाऱ्याने खिळ्यावर लटकवायचा, घरी आल्यावर काढून खालच्या वाटीत टाकायचा. शेजारीपाजारी हसायचे. हसू देत.

कोइंबतूरला आम्ही दोन खोल्या घेतल्या. मी इडलीचं पीठ विकत आणायला शिकले, त्या गावात ते घरी वाटणारी मीच एकटी वेडी ठरले असते. तीन आठवड्यांत भाजीवालीशी खुणांनी घासाघीस जमू लागली. मुक्ता पहाटे उठून मान मजबूत करायचे व्यायाम करायची, डोक्याला पट्टा बांधून, त्याला वजन लावून. मी म्हणायचे, “अगं, मान आहे ती, पोत्याचं तोंड नाही.” ती म्हणायची, “आजी, टेन्शन नको घेऊस. वळणावर डोकं बाहेर फेकलं जातं. मान गेली की शर्यत गेली.”

मग पहिल्यांदा मी त्या गाड्या धावताना पाहिल्या. मुलांनो, मला त्याचं वर्णन नीट करता येणार नाही. गाडी आली असं वाटतच नाही. आधी छातीच्या फासळ्यांत काहीतरी थरथरतं, मग समोरून एक रंग जातो, आणि मग कळतं की त्या रंगात आपलं माणूस होतं. ती त्यात बसतही नाही, जवळजवळ झोपते. सहा पट्ट्यांनी आवळलेली, जमिनीपासून चार बोटांवर, बाहेर फक्त हेल्मेट. जिला मी मागच्या दारी पायरीवर बसवून वरणभात भरवला, ती तिथे शंभर पावलांचं अंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत कापत होती, आणि बाहेर येऊन सांगत होती की चौथ्या वळणावर ब्रेक जरा लवकर लागला. गाडीच्या नाकावर आकडा होता सत्तेचाळीस. नंबर निवडा म्हटल्यावर तिने तोच निवडला होता. मला सांगितलंही नव्हतं.

पाच फेऱ्यांचा, म्हणजे पाच स्पर्धांचा मोसम. प्रत्येक फेरीआधी चार पानांचा फॉर्म, त्यात या खेळात जीव जाऊ शकतो हे सात वेगवेगळ्या वाक्यांत लिहिलेलं. माझे वडील म्हणायचे, “वाचल्याशिवाय सही नाही, आणि सही केल्यावर कुरकुर नाही.” मी पाचही वेळा शेवटपर्यंत वाचला आणि पाचही वेळा सही केली.

पहिल्याच फेरीत फजिती झाली. मुक्ताचा शर्यतीचा पोशाख पायात लांब होता, म्हणून निघण्याआधी मी तो उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जीन्स शिवणाऱ्या मास्तरांकडे नेला होता. “दादी, देखना, एकदम कंपनी फिनिश,” ते म्हणाले, आणि खरोखर दिलंही. तपासणीच्या अधिकाऱ्याने ती सुबक टीप पाहिली आणि पोशाख बाजूला ठेवला. कापड आगीत जळत नाही, पण दोरा साधा! आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. संघाचे मुख्य मेकॅनिक सेल्वम अण्णा कुठूनतरी आग न लागणाऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आले. मी पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या गाड्या ठेवायच्या आवारात, खुर्ची टाकून मास्तरांची टीप उसवली आणि हाताने नवी घातली. अधिकाऱ्याने भिंगातून पाहून मान हलवली. त्या दिवसापासून सेल्वम अण्णा मला ‘पाट्टी’ म्हणू लागले, म्हणजे तमिळमध्ये आजी.

दुसऱ्या फेरीपर्यंत हत्यारांचा ट्रे माझ्याकडे आला. कोणी दिला नाही, मीच मोजू लागले. काळ्या फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराची जागा कोरलेली. माझा जुना बोर्डच, फक्त आडवा. मी एक बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आणि वर लिहिलं, ‘सापडलेलं’. मेकॅनिक पोरं आधी हसली, मग येऊन मागू लागली. “पाट्टी, मेरा स्क्रूड्रायव्हर है क्या?” “आहे. पण आधी सांग, कुठे पाडलास?”

आता शेवटची फेरी, शेवटची शर्यत. मोसमाअखेर पहिल्या तिघांना पुढच्या वर्षीची गाडी नक्की मिळणार होती. चौथ्यापासून पुढचे सगळे घरी. मुक्ता तिसरी होती. बंगळूरचा एक मुलगा तिच्या पाच गुणांनी मागे. रांग ठरवायच्या सरावात ती दुसरी आली होती, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत पुढून दुसरी. शांतपणे चालवली तरी पुरे होतं.

गाड्या पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या गाळ्यांतून, निघून रांगेत उभ्या राहायला काही मिनिटं मिळतात. मग ती वाट बंद होते, आणि जो आत राहिला त्याने सगळे पुढे गेल्यावर मागून निघायचं. मुक्ताचं इंजिन सुरू झालं. मी सवयीने ट्रे पाहिला.

दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती.

मी सेल्वम अण्णांना बाही धरून दाखवली. त्यांनी पोरांकडे पाहिलं, पोरांनी खिसे चाचपले. नाही. पाना गाडीत पायाशी राहिला असेल, तर ब्रेकखाली अडकायला एक वळण पुरतं. पण तो कुठेही असू शकत होता, आणि वाट बंद व्हायला थोडाच वेळ होता. एक मेकॅनिक ओरडला, “अण्णा, वर्कशॉप में होगा, जाने दो!”

मुक्ताने हेल्मेटमधून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या आवाजात काही बोलता येत नव्हतं. मी ट्रेमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिने एक क्षण पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. सतरा वर्षांची मुलगी, वर्षभराची मेहनत पुढ्यात, आणि तिने स्वतःच्या हाताने बटण दाबलं. बिल्ला लटकलेला असताना मशीन सुरू होत नाही हे तिला आमच्या दारातल्या बोर्डाने शिकवलं होतं. त्या क्षणी मला तिचा जो आदर वाटला, तो नंतरच्या कुठल्याही वेगाने वाटला नाही.

त्यांनी तिला बाहेर काढलं, टॉर्च लावून पेडल पाहिले, सीट उचलली. काही नव्हतं. वाट बंद झाली. तिला परत आवळून बसवलं, आणि बाकीच्या तेरा गाड्या समोरून गेल्यावर ती शेवटची निघाली.

मला खोकला आला. खोकल्याची गोळी ‘सापडलेलं’च्या डब्याशेजारी होती. डबा सरकवला तर आत खडखडलं. उघडला. दहा नंबरचा पाना.

सकाळी गाडीखाली पडलेला मीच उचलला होता. नियमाप्रमाणे डब्यात टाकला होता. आणि विसरले होते.

पुढचा अर्धा तास मी तो पाना हातात धरून बसले होते. पण शर्यत पाहिली, प्रत्येक लॅप, म्हणजे ट्रॅकची प्रत्येक चक्कर, पाहिली. तेरावी, अकरावी, दहावी. ती कोणाला ढकलत नव्हती. समोरच्याची चूक व्हायची वाट पाहायची आणि फट दिसली की तिथे आधीच असायची. नववी. आठवी. सेल्वम अण्णा कडेच्या भिंतीला टेकून स्वतःशी तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत होते; नंतर कळलं, ते वळणं मोजत होते. शेवटच्या लॅपला ती सातवी होती, सहाव्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून. तशीच रेषा ओलांडली. बंगळूरचा मुलगा चौथा आला होता. सहावी आली असती तर पुरलं असतं. एका गुणाने ती मोसमात चौथी ठरली.

गाडीतून उतरली तेव्हा चेहरा लाल, केस चिकटलेले, डोळे भरलेले. सगळे बाजूला झाल्यावर मी तिच्यापुढे तळहात उघडला.

“कुठे होता?”

“डब्यात. मीच टाकला होता सकाळी.”

“सापडलेल्यांच्या डब्यात? आजी, तू पण ना, यार...” आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “गाडीत नव्हता ना? बस. पुन्हा झालं तरी मी बंदच करेन.”

सेल्वम अण्णांनी पाना माझ्याकडून घेतला आणि फोममधल्या जागेवर बसवला. “पाट्टी, यू ओन्ली काउंट,” ते म्हणाले. “पुट बॅक, दॅट इज माय जॉब.” रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आम्ही बदलापूरला परत आलो. मुक्ताने सत्तेचाळीस काढून वाटीत टाकला, मी बेचाळीस. दोन महिने ती नंदूच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभी राहिली. मग एका दुपारी फोन आला. तो बंगळूरचा मुलगा परदेशात शर्यतीला निघाला होता, त्याची जागा रिकामी झाली, आणि यादीत पुढचं नाव तिचं होतं. फोन सेल्वम अण्णांचा होता. शेवटी म्हणाले, “आणि पाट्टीचा डबा पाठवा. पोरं मागतायत.”

डबा मी तिच्याबरोबर पाठवला. झाकणावर एक नवी ओळ लिहिली आहे, ‘रोज सकाळी उघडून पाहावा’.

बोर्डाप्रमाणे पाहिलं तर ते नऊ महिने मी बाहेर होते. इडलीचं पीठ आणत होते, तमिळ पाट्यांची अक्षरं लावत होते, आणि तरी इथे एका खिळ्यावर मी दिसत होते, रोज, नंदू-कल्पनाला येता-जाता. आता मला एवढं समजतं, की आपण नसताना आपली जागा जिथे दिसते, ते घर. तुम्ही कॅनडाला निघालात तेव्हा जुईचा हात खिळ्यापर्यंत पुरत नव्हता. बाबांनी तिला उचललं होतं. आजोबा गेले तेव्हा नंदूने रडत त्यांचा बिल्ला उचलून खिळ्याकडे नेला. मी म्हटलं, नको, तो वाटीतच राहू दे. ते घरीच आहेत.

रविवारी मुक्ताने सत्तेचाळीस पुन्हा लटकवला. तो, तुमचे दोघांचे, आणि आई-बाबांचे असे पाच खिळ्यांवर आहेत. आजोबांचा आणि माझा वाटीत. नंदू आणि कल्पनाचे संध्याकाळी वाटीत येतील.

नऊ बिल्ले होते. नऊ आहेत.

तुमची आजी