उजवीकडचा मोर

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आकडे जुळले नाहीत तर चूक शोधायची, एवढंच मला येतं. पण ही चूक सापडत नाही... म्हणून इथे लिहितोय.

आम्ही सोलापूरचे, तेलुगू विणकर घराणं. धाकटा भाऊ श्रीनू चादरीच्या कारखान्यात डिझायनर होता. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना आहेरात द्यायची चादर घरच्याच नक्षीची हवी, ही आमच्या घरची रीत. आपली लेक लावण्या हिच्यासाठी तो घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर समोरासमोर दोन मोर काढत होता. डावा झाला आणि श्रीनू गेला – हार्ट अटॅक. उजवी बाजू काळीच राहिली.

पुढे लावण्याचं लग्न ठरलं. कारखान्याचे मालक म्हणाले, चादरी विणून देतो; पण नवं मशीन त्याची जुनी बिटमॅप फाईल घेत नाही, राखाडी छटांची पीजीएम फाईल आणा. मी स्पष्ट सांगितलं, "काम अर्धंच आहे, घरी केलेलं. डावा मोर उलटवून उजवीकडे लावा."

रविवारी सकाळी फाईल पीजीएममध्ये बदलली. पीजीएम म्हणजे नुसते आकडे, दर ठिपक्याला एक – शून्य काळा, दोनशे पंचावन्न पांढरा. पेनड्राइव्ह घेऊन तसाच कारखान्यात गेलो. ऑपरेटरने फाईल उघडली, स्क्रीनवर चित्राचा उजेड वाढवला... आणि उजवीकडच्या काळ्यातून हळूहळू पिसारा वर आला. शून्याच्या जागी कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन! आणि डाव्याची नक्कल नव्हे – या मोराने मान वळवून मागे पाहिलं होतं.

मालक हसले. "काय सर, अर्धंच हाय म्हणला की!"

"अर्धंच होतं."

"मग ह्यो मोर त्यानं कुटं काढला? हितंच की, आमच्या ड्युटीत! म्हंजी डिझाईन कारखान्याचं."

सगळं घरीच काढलेलं, असं म्हणालो असतो तर विषय मिटला असता. पण ते खोटं होतं. आणि खरं काय सांगू? मेलेल्या माणसाने काढलं? पेनड्राइव्ह त्यांनी ठेवून घेतला.

घरी मूळ फाईल तपासली. उजवीकडे सगळे शून्य. पुन्हा बदलली, दुसऱ्या प्रोग्रॅमने बदलली – शून्यच. शून्याचे तीन कुठल्याच सूत्राने होत नाहीत.

लग्नात आम्ही चादरींऐवजी बाजारातले टॉवेल वाटले. कारखान्याची मोरांची चादर आता दुकानात मिळते, खपते म्हणे. परवा लावण्या ती बघत उभी राहिली. मी तिचा पेदनाना, थोरला काका; श्रीनू तिचा नान्ना, वडील. मला म्हणाली, "पेदनाना, नान्नानं पुरं केलं, ते कुणासाठी ओ?"

मला अजून त्या एक-दोन-तीनचाच खुलासा मिळालेला नाही.