बारदान्यातलं कलम
ओल्या बारदान्याचा वास आला की सक्करदऱ्याच्या घरातली, सत्तरच्या दशकातली एक दुपार आठवते. फ्रान्सहून सुट्टीवर आलेला मोठा भाऊ आईबाबांना तिकडं न्यायचं ठरवत होता, आणि जन्मभर संत्र्याची बाग केलेल्या बाबांनी त्यातले दोन दिवस वाइनच्या द्राक्षमळ्यांसाठी मागून घेतले होते. जमिनीवर पसरलेल्या नकाशाशेजारी बाबांनी ओल्या बारदान्यात बांधलेलं संत्र्याचं कलम आणून ठेवलं. "दुसऱ्या कास्तकाराच्या वावरात खाली हातानं जाऊ काय गा?" भावाचा चेहरा उतरला. "तिथल्या लोकांसमोर माझी शोभा होईल, बाबा. मळे आम्ही दोघं नवराबायको पाहून येऊ, तुम्ही आईसोबत फ्लॅटवरच राहा." बाबांनी कलम उचललं, परसात नेऊन लावलं आणि फ्रान्सचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या झाडाचं संत्रंही त्यांनी कधी तोंडात घातलं नाही. मी मात्र दर वर्षी खातो, आणि ते इतकं गोड निघतं याचाच राग येतो.