औषध न घातलेल्या दोन डिश

माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. बिचारा! हे त्याला ठाऊक नाही — कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय.

पनवेलजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत मी संशोधक आहे. आमचा विषय हर्पिस — तापानंतर ओठावर फोड आणतो ना, तोच विषाणू. काचेच्या डिशमध्ये आम्ही मज्जातंतू वाढवायचो आणि त्यांच्यासोबत वाढणाऱ्या आधारपेशी औषध घालून मारून टाकायचो. का? मध्येमध्ये येतात म्हणून! वायरीवर टेप गुंडाळावी तसं मायलिनचं वेष्टण ज्या पेशी मज्जातंतूवर चढवतात, त्यांना आम्ही कचरा समजायचो. शहाणी माणसं ना आम्ही!

हर्षदा आमची टेक्निशियन, करारावर होती. उरणकडच्या खाडीकाठची कोळ्यांची मुलगी, आईबरोबर कोळंबी निवडत वाढलेली. काय नजर होती तिची! कुठलीही डिश एकदा निरखल्याशिवाय ती टाकायची नाही. मी चिडवायचे, "बाजार भरलाय का गं इथं?" ती नुसती हसायची. मला तिचं फार कौतुक होतं — आणि हेवाही, कशाला खोटं बोलू?

एकदा दोन डिशमध्ये ते औषध घालायला मी विसरले. मी — हर्षदा नव्हे. त्यांत विषाणूही सोडून झाला, आणि मग आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सरांनी पाहिलं: आधारपेशींचं नुसतं रान माजलेलं. "हे कुणाचं काम?" माझी नोकरी कायम होण्याची मुलाखत आठवड्यावर आलेली... मी म्हणाले, "हर्षदाकडे दिलं होतं." किती सहज निघालं तोंडातून! तिनं माझ्याकडे पाहिलं. सरांनी तिला बाटल्या धुण्याच्या कामावर टाकलं आणि त्या डिश फेकून द्यायला सांगितल्या.

फेकण्याआधी तिनं त्या बघितल्याच. आणि धावत आली — माझ्याकडेच आली हो! "मॅडम, ह्या टाकायच्या नाय. बघा, नस धड हाय, वरचंच सुटतंय."

सूक्ष्मदर्शकाखाली मी बघतच राहिले. विषाणू आधारपेशींत ठाण मांडून बसलेला, मज्जातंतू अजून शाबूत, आणि मायलिन जागोजागी सोललेलं. इतकं भयंकर आणि इतकं देखणं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. ज्या पेशी आम्ही आधीच मारून टाकत होतो, घाव त्यांच्यावरच पडत होता. आम्हाला कसा दिसणार?

आता तरी खरं बोलायचं ना? मी सरांना सांगितलं, "फेकण्याआधी मला शंका आली, म्हणून पाहिलं." सर खूश. या शोधावरचा पेपर माझ्या आणि सरांच्या नावानं छापून आला, मी कायम झाले. हर्षदाचा करार मात्र वाढवला नाही — निष्काळजी म्हणून. माझ्या एका वाक्यानं ती राहिली असती. ते मी बोलले नाही.

गेल्या वर्षी ती जवळच्याच रोडपालीत भेटली. तळोज्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाते म्हणाली. ती नजर, आणि खोक्यांना पट्ट्या लावायला!

"मॅडम, तुमचा तो पेपर वाचला मी."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या डिशचा फोटो झक्कास आलाय," ती म्हणाली.

मी म्हणाले, "थँक्यू."