झेनॉनची कॉलर

झालेसिए गावची जुनी ॲस्बेस्टॉसची छपरं आम्ही उतरवतो, तेव्हा धूळ मोजायला आलेल्या बोगुमिलाबाई प्रत्येकाच्या कॉलरला हवा खेचणारी नळी अडकवतात. छातीत किती जीवघेणी धूळ जाऊ शकते, ते त्यावरून कळतं.

परवा आमच्या झेनॉनने, त्या अकलेच्या कांद्याने, ती काढून प्लमच्या झाडाला टांगली.

"धुळीने खराब झाली असती, बाई!"

"अरे शहाण्या, छपरावर तू चढलास की झाड?"

आम्ही खो खो हसलो. बाईही हसल्या, आणि नळी हातात घेत म्हणाल्या, "ही छपरं माझ्या बापाने घातली. पत्रे करवतीने कापायचा, नाकातोंडावर काही नसायचं. त्याच्या कॉलरला कुणी काही लावलं नाही रे."

झेनॉनने हनुवटी वर केली, शाळेला निघालेलं पोर आईकडून गुंडी लावून घेताना करतं तशी.