खादीतून गाळलेलं पेट्रोल

शेठच्या विमानाविरुद्धचं पत्रक मीच लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. ‘शेतकऱ्याच्या डोक्यावर शेठची घरघर’ हे त्याचं नाव. ज्या धुळे तालुक्यात बायका उन्हाळ्यात दोन-दोन मैलांवरून पाणी आणतात, तिथे कापसाच्या एका जिनवाल्याच्या धाकट्या भावानं आकाशात गिरक्या घालत बसावं, याची मला चीड होती. आजही आहे. मागणी स्पष्ट होती : विमान विका आणि त्या पैशातून पंधरा विहिरी खोदा.

पुढे निवडणूक आली. आमचे उमेदवार म्हणजे पेन्शनीत निघालेले एक मास्तर. आमच्याकडे एक कर्णा, तीन सायकली आणि माझी पत्रकं, एवढाच फौजफाटा. अशात तो धाकटा शेठ एक दिवस आपण होऊन मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसला.

“मला उडायला निमित्त पाहिजे. पत्रकं तुमची, पेट्रोल तुमचं, विमान माझं.”

राजकारणाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मोठ्या शेठना त्याला जिनमध्ये गादीवर बसवायचं होतं. विमानाबद्दल त्यांनी एकच अट घातली होती, आणि ती अख्ख्या धुळ्याला पाठ होती : ज्या दिवशी ते ठरल्या जागेखेरीज भलतीकडे उतरेल, त्या दिवशी विकून टाकणार. म्हणजे मोठे शेठ आणि माझं पत्रक एकाच मागणीवर उभे होते. फक्त विहिरी तेवढ्या माझ्या होत्या.

मी मास्तरांकडे कडक विरोध नोंदवला. मास्तर म्हणाले, “तुझा विरोध अगदी बरोबर आहे. तो लिहून काढ. पण आधी पत्रकं टाकून ये.”

सकाळी माळावर गेलो. विमान म्हणजे काय, तर बांबूच्या कामट्यांवर कापड ताणावं तसे दोन मजली पंख आणि एकामागे एक दोन उघड्या खुर्च्या. आमच्या कार्यकर्त्यांनी पेट्रोलसाठी रॉकेलचे रिकामे डबे आदल्या दिवशी घासूनपुसून, पाण्यानं तीन-तीनदा विसळून ठेवले होते. आमच्याकडे स्वच्छतेला फार महत्त्व. धाकटा पंखाच्या तारा ओढून बघत होता. तो म्हणाला, “पुढारी, पेट्रोल गाळायचं कातडं बंगल्यावर राहिलं. पळत जाऊन घेऊन या.”

शेठच्या बंगल्यावर! मी? ज्या दाराचा मी छापील निषेध केला होता, तिथे कातड्याच्या तुकड्यासाठी उभा राहू? मी खांद्यावरचं उपरणं काढलं, चौपदरी केलं आणि पेट्रोल त्यातून गाळलं. शुद्ध खादी, स्वतः कातलेली. धाकट्याला वाटलं कातडं आणलं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

वर गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी डोळे मिटून होतो. ती मी मोजत नाही. मग फागणे, मुकटी, जे दिसेल त्या गावावर बंडलं सोडली. मी पुढे, तो मागे, आणि मध्ये बोलायला रबरी नळी. कानात सतत त्याचा आवाज, आणि तो काय बोलत होता? विमानाविरुद्धचं माझं पत्रक! पठ्ठ्यानं पाठ केलं होतं.

“पंधराच विहिरी का हो, पुढारी? सोळा का नाहीत?”

“अंदाजानं लिहिलं,” मी ओरडलो.

सोनगीरचा किल्ला डाव्या पंखाखाली आला आणि इंजिनाला ठसका लागला. एकदा, दोनदा, मग घोट गिळल्यासारखं गप्प. पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. मी वळून पाहिलं. धाकट्याची थट्टा तोंडावरून पुसली गेली होती.

“ऐका. आधी नाक खाली, मग वावर शोधायचं, मग वारा बघायचा. हा क्रम चुकला नाही तर माणूस घरी जातो.”

“आणि मी काय करू?”

“तोंड बंद.”

माझ्या उभ्या आयुष्यात असा ठराव माझ्याविरुद्ध कुणी मांडला नव्हता, पण मी तो बिनविरोध मान्य केला.

हायवेच्या पलीकडे बाजरी काढलेलं एक लांबलचक वावर होतं, आणि त्याच्या कडेनं एक नाला. शेकोटीचा धूर बघून त्यानं वाऱ्याची दिशा धरली. इंजिन मध्येच जीव धरत होतं, म्हणून एक फेरा मारायला सवड होती. “वजन कमी करा. उरलेली बंडलं फेका!” मी दोन बंडलं सोडली. वाऱ्यानं ती उचलली आणि बरोबर त्याच वावरावर पसरली.

बाजारचा दिवस. बैलगाड्या सोडून, टोपल्या टाकून बाया, बापे, म्हातारे, सगळे वावरात धावले. मी दोन्ही हात हलवून ‘बाजूला व्हा’ सांगितलं. त्यांनीही हात हलवले. मी ओरडलो, त्यांनी जयजयकार केला. आमच्या सभेला कधी चाळीस माणसं जमली नाहीत, आणि आज चारशे लोक आमच्या मरणाच्या जागेवर दाटीनं उभे!

“पांगवा त्यांना!” नळीतून ओरड आली. “तुम्ही बोलायला लागलात की पांगतात ना!”

हा टोमणा मी त्याला अजून माफ केलेला नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला : पत्रक पडेल तिथे माणूस जातो. शेवटची तीन बंडलं राहिली होती. “नाल्यावरून घ्या!” मी म्हणालो. “वारा तिथून पलीकडे जातो.”

विमान लगेच नाल्याकडे झुकलं. सुतळ्या दातांनी तोडून मी पत्रकं नाल्यापलीकडे उधळली. खाली चारशे माणसं वळली आणि धोतरं सावरत नाल्याकडे पळत सुटली. वावर रिकामं झालं. एक म्हातारा तेवढा जागचा हलला नाही. तो वावराचा मालक होता.

धाकट्यानं इंजिनाचं बटण बंद केलं. एकदम शांत झालं, फक्त तारांची शिट्टी. दोन उड्या, तिसरा धक्का, आणि म्हाताऱ्यापासून वीस हातांवर आम्ही थांबलो.

म्हातारा जवळ आला, पंखाला हात लावून पाहिला. “मन्हा वावरमा उतरनात,” तो म्हणाला, “आते जेवाबिगर जावानं नही.” मी विचारलं, “आबा, लोक एवढे धावले. पत्रकं वाचतात का?” “वाचाले नही, भाऊ. गूळ बांधाले.”

धाकट्यानं इंजिनाखालची, पेट्रोलमधला गाळ साठायची वाटी सोडवली. वाटीत तळाशी पाणी, आणि पाण्यात पांढरं सूत. त्यानं सूत चिमटीत धरून माझ्या उपरण्याशी लावून पाहिलं. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता बांधावर बसला.

“कातड्यातून पाणी उतरत नाही,” तो म्हणाला. “खादीतून उतरतं. बास, गेलं आता विमान. भाऊ बोलले की बोलले.”

हायवेवरून एस.टी. जाऊन अर्धा तास झाला होता. म्हणजे बातमी धुळ्यात पोचलीच असणार. एका ट्रकवर चढून मी तिच्या मागे गेलो.

मोठे शेठ झोपाळ्यावर होते. शेजारी सुपारीच्या तबकाखाली माझं पत्रक.

“या, पुढारी. ओरखडा?”

“एकही नाही.”

“मग कशासाठी येणं केलंत?”

“कातड्यासाठी.” आणि मग मी सगळं सांगितलं. डबे, पाणी, उपरणं, सगळं. “चूक माझी आहे. तुमच्या भावानं ज्या रीतीनं विमान उतरवलं, तसं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.”

झोपाळा थांबला. शेठनी पत्रक उघडून मागणीच्या ओळीवर बोट ठेवलं. “आज माझं मन तयार आहे. सांगा, विकू?”

मी बांधावर बसलेला तो पोरगा डोळ्यांपुढे आणला आणि मान खाली घालून म्हणालो, “विकू नका.”

“ऐकू आलं नाही.”

“विकू नका!” सभेच्या आवाजात म्हणालो. आत भांडं पडलं. “पण विहिरींची मागणी मी मागे घेत नाही.”

“त्याचं वेगळं पत्रक काढा,” शेठ म्हणाले. “नाही विकत. अट मात्र बदलली. इथून पुढे पेट्रोल तुम्ही गाळायचं. माझ्यासमोर, या अंगणात, कातड्यातून.”

त्या हिवाळ्यात मी सहा वेळा त्या अंगणात गेलो. कातड्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे अडकून राहतात, हे मला मान्य करावं लागतं. शेठ झोपाळ्यावरून बघत असत. सहाव्या वेळी मी खिशातून विहिरींचं नवं पत्रक काढून त्यांच्या तबकावर ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यात सुपारी बांधली नाही.